दोष सांगायचा रविवार

आमच्या घरात दर रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ मानवी चेतनेची उत्क्रांती होत असे. ती पुरी होईपर्यंत कोणालाही पोहे मिळत नसत.

हा उद्योग मोठेबाबांचा. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शाळा तपासनीस म्हणून त्यांनी जन्म काढला, निवृत्त झाले, मोठीआई वारली, आणि दोन ट्रंका, एक आरामखुर्ची आणि खडावांचा जोड घेऊन ते मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आमच्या घरी राहायला आले. तपासायला शाळा उरल्या नव्हत्या, तेव्हा त्यांनी आम्हाला तपासायला घेतलं. त्यांचं म्हणणं असं की, माणूस जनावरापेक्षा वर आला तो हातांमुळे नाही की भाषेमुळे नाही. तो वर आला स्वतःकडे वळून बघायला लागल्यामुळे. या वर येण्याच्या चार पायऱ्या त्यांनी बैठकीच्या भिंतीवर खडूने काढून ठेवल्या होत्या. पहिल्या पायरीवर भूक लागते. दुसरीवर भूक लागल्याचं कळतं. तिसरीवर, आपल्याला कळलं हे कळतं. चौथ्या पायरीवर 'कळलं ते कोणाला?' असा प्रश्न पडतो. चौथ्या पायरीवर त्या काळी बालाघाट जिल्ह्यात एकटे मोठेबाबाच उभे होते.

आई भिंतीपुढून जाताना एकदा आम्हा पोरींना म्हणाली, "अन् सैपाक कोन्त्या पायरीवर होते, विचारा बरं." मोठेबाबा दोन हातांवर बसले होते. आई त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची आणि त्यांच्याशी थेट बोलायची नाही. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं ते नवऱ्याच्या नाहीतर लेकरांच्या तोंडून, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे तिचं हे वाक्य त्यांना ऐकू आलं, पण पोचलं नाही.

रविवारी सतरंजी अंथरली जाई. प्रत्येकाने गेल्या आठवड्यात स्वतःत दिसलेला एक दोष उभं राहून सांगायचा. तोही शुद्ध भाषेत. आम्ही शाळेत हिंदी बोलायचो, घरात 'मले-तुले', आणि रविवारी दीड तास 'मला-तुला'. कोणी चुकून 'मले' म्हटलं की मोठेबाबा डोळे मिटून "मला" म्हणत आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणायला लावत. बाबा कचेरीत बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, होते. त्यांचा दोष वर्षभर एकच होता: एक फाईल वेळेवर पुढे पाठवली नाही. कोणती फाईल, ती शेवटी गेली की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही. पण ती दर रविवारी बाबांच्या चेतनेत पडून असे आणि मोठेबाबा दर रविवारी मान डोलावत. आपल्या धाकट्या भावाला याहून मोठा दोष झेपणार नाही, हे त्यांनी ओळखलं असावं. आईला या सभेतून सूट होती, कारण तिला पोहे करायचे असत.

माझी थोरली बहीण प्रमिला, आमची ताई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती उभी राहायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि म्हणायची, "मले काही दिसलं नाही."

"मला."

"मला काही दिसलं नाही."

"आठवडाभरात एकही दोष नाही?"

"असन. पन दिसला नाही."

मोठेबाबा माझ्याकडे बघून खेदाने हसत. ताई पहिल्या पायरीवर आहे, हे त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. अर्थात जिथे गाई-म्हशी असतात तिथे. गंमत अशी की, त्या वर्षी त्यांच्या पायाला गळू झालं तेव्हा रोज कोमट पाण्याने ते धुऊन पट्टी बांधायची ती ताईच. मागच्या घरात एक कंपाउंडर राहत. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. ताई दुपारभर तिथे असे. सिरिंजा उकळायच्या कशा, जखमेच्या कडा कशा ओळखायच्या, मुकाट रडणाऱ्या लेकराला कुठे दुखतंय हे विचारल्याशिवाय कसं शोधायचं, हे ती तिथे शिकली. मोठेबाबा पाय पुढे करून, वर भिंतीकडे बघत, चौथ्या पायरीचा विचार करायचे, आणि ती पू पुसायची.

आणि मी? मी तिसरी पायरी ओलांडून चौथीवर एक पाय ठेवला होता. मी चौदा वर्षांची होते आणि या धंद्याची मेख मला दोन रविवारांतच सापडली होती. जे खरंच केलं ते कधी सांगायचं नाही. शेंगदाण्याच्या डब्यात रोज हात घालायचे, वर्गातल्या एका मुलीच्या वहीची पानं फाडली होती, आईला उलट बोलले होते. यातलं काही मी सांगितलं नाही. मी म्हणायचे, "वांग्याची भाजी अळणी होती म्हणून मला राग आला. मग त्या रागाचा मला राग आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दुसरा राग हा पहिल्या रागाचाच अहंकार आहे." भाजी अळणी नव्हतीच. आईची भाजी कधी अळणी नसायची. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकायची आणि कढईत उलथणं जरा जोरात आपटायची. मोठेबाबांच्या डोळ्यांत मात्र पाणी यायचं. ते मला आरामखुर्चीशेजारी बसवून घेत. हळूहळू बाहेरची माणसंही येऊ लागली. दोन मास्तर, एक निवृत्त पटवारी, कधी त्यांच्या बायका. ती सगळी मोठेबाबांचं ऐकायला येत आणि माझं ऐकून जात. मला ते कळत होतं. तेवढी माझी उत्क्रांती झाली होती.

आता आमच्या शेजारची सून मोबाईलवर दोन कोटी वेळा ऐकलेला कुणाचा तरी आवाज लावून डोळे मिटून बसते. स्वतःला भेटते म्हणे. त्या वेळात तिची सासू गॅस बंद करायला धावते. मी काही म्हणत नाही. मला हसू येतं, आणि ते हसू कुठून येतं तेही मला ठाऊक आहे.

हिवाळ्याचे दिवस होते. नवा चिन्नौर तांदूळ घरात आला होता आणि त्याच्या वासाने ओसरीसुद्धा भात शिजत असल्यासारखी वाटायची. छोट्या लाईनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीची शिटी दुपारी वाजली की ताई हातातलं काम थांबवून ऐकायची. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण काहून ऐकते हे मी विचारलं नव्हतं. एका दुपारी आम्ही दोघी सुपात तांदूळ निवडत होतो. आई नळावर होती. ताई मान वर न करता म्हणाली, "निमू, कोनाले सांगू नको बरं."

"काय?"

"मी जबलपूरले नर्सच्या ट्रेनिंगचा फारम भरलता. पत्र आलं. काकूच्या पत्त्यावर मागवलं."

"बाबाची सही?"

"मीच केली." ती हसली. "बाबाची सही सोपी हाय. फाईलवर करून करून पार घासून गेली."

पुढच्या आठवड्यात जायचं होतं. काकू स्टेशनापर्यंत सोबत येणार होती. जबलपूरला काकूची बहीण होती, ती उतरवून घेणार होती. एकदा तिथे पोचले की पत्र लिहीन, मग बाबा रागावतील, मग थंड होतील, असा तिचा हिशेब. आधी विचारलं असतं तर काय झालं असतं, हे तिला माहीत होतं. आमच्यासारख्या नोकरदार घरातली पोरगी परक्या माणसांची घाण उचलणार, पुरुषांच्या अंगाला हात लावणार, मग तिच्याशी लग्न कोण करणार? काकूची पुतणी नर्स झाली तेव्हा हे बोलणं घरात एकदा झालंही होतं. मोठेबाबा तेव्हा म्हणाले होते, सेवा थोरच, पण ती ज्याने त्याने आपल्या पायरीवरून करावी.

"तुले भेव नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना." ती म्हणाली. "पन तिथं मले कोनी उभं करून दोष विचारनार नाही. काम विचारतीन."

तिने माझ्या हातात एक गाठोडं दिलं. दोन पातळं, एक शाल, तिची मार्कशीट. सोमवारी शाळेत जाताना ते काकूकडे टाकून दे, म्हणाली. मी हौ म्हटलं. ती माझ्यावर भरवसा ठेवत होती याचा मला अभिमान वाटला. तो मात्र अगदी खरा होता.

मध्ये रविवार होता. त्या रविवारी नागपूरचे एक विद्वान येणार होते. ते चेतनेवर व्याख्यानं देत आणि मोठेबाबांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. घरात दोन दिवस आधीपासून धांदल. बाबांनी कोट काढला. आईने पाटवडीचा रस्सा आणि पुऱ्या करायला घेतल्या. मोठेबाबांनी भिंतीवरच्या पायऱ्या नव्याने गिरवल्या. मला बोलावून ते म्हणाले, "निर्मला, तू शेवटी बोल." एरवी मी निमू होते. माझी छाती फुगली आणि लगेच लक्षात आलं, की माझे दोष संपले होते. रागाचा राग झाला होता, मत्सराची लाज झाली होती, लाजेचा गर्व झाला होता. त्या विद्वानापुढे उभं करण्याजोगं माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं.

पाहुणे आले. गोरे, स्थूल, पांढरं धोतर. सगळ्यांचं झालं. बाबांची फाईल झाली. ताईने सांगितलं, काही दिसलं नाही, आणि ती पाण्याचे पेले आणायला आत गेली. मी उभी राहिले. मी सुरुवात केली, "या आठवड्यात मी एका असत्याला आश्रय दिला." बरी सुरुवात होती. "मला ते उघड करता आलं असतं. परंतु मोहापायी मी मौन पाळलं. तेव्हा मी विचार केला, की मौन हेसुद्धा असत्यच..."

मोठेबाबा मध्येच म्हणाले, "सुंदर. असत्य कोणाचं, ते सांगायची गरज नाही, बरं का. दोष आपला बघायचा, दुसऱ्याचा नाही."

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. मोठेबाबांवर मी इतकी वर्षं थुंकत आले, पण हे ते म्हणाले होते. दार त्यांनी माझ्यासाठी उघडून दिलं होतं. मी तिथे थांबून खाली बसू शकत होते. पण मी पाहुण्यांकडे पाहिलं. ते जांभई दाबत होते. त्यांनी असली मौनं आणि असत्यं गावोगावी ऐकली असणार. नावाशिवाय माझा दोष अळणी होता, आणि ते मला त्या जांभईत दिसलं.

"ताईने बाबांची खोटी सही केली," मी म्हणाले. "नर्स व्हायला ती मंगळवारी जबलपूरला पळून जाणार आहे. तिचं पत्र काकूकडे आलंय आणि कपडे माझ्या दप्तरात आहेत."

ताई पेले घेऊन दारात उभी होती. एकही पेला खाली पडला नाही. तिने ते सतरंजीच्या कडेला एकेक करून ठेवले आणि ती परत आत गेली. पाहुण्यांची जांभई गेली होती. ते पुढे झुकून म्हणाले, "विलक्षण! इतक्या लहान वयात!" आणि मोठेबाबा, ज्यांनी अर्ध्या मिनिटापूर्वी नाव नको म्हटलं होतं, भरून येऊन म्हणाले, "हेच ते. हाच तो क्षण. प्रकाश आधी घरातल्यांनाच पोळतो."

बाबा कोटासकट उठले, मागच्या घरी गेले, आणि पत्र घेऊन आले. आरडाओरड त्यांनी केली नाही. ती त्यांना येतच नसे. त्यांनी टेबलाशी बसून, दौत पुढे ओढून, त्यांच्या त्या मोत्यांसारख्या अक्षरात उत्तर लिहिलं: सदर अर्जावरील सही माझी नाही, तरी अर्ज रद्द समजावा. आयुष्यात ही एक फाईल त्यांनी वेळेवर पुढे पाठवली.

तेव्हा आई बाहेर आली. हात पिठाने भरलेले. डोक्यावर पदर होता की नाही, आठवत नाही. ती मोठेबाबांच्या अगदी समोर उभी राहिली आणि पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"भाऊजी, तुमच्या पायऱ्या राहू द्या भिंतीवर. पोरीले जाऊ द्या."

मोठेबाबा तिच्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "तिला सांग, यात माझं काही नाही. नर्सचाही प्रश्न नाही. प्रश्न सत्याचा आहे."

"मी इथंच हाव," आई म्हणाली. "मलेच सांगा."

पाहुण्यांनी चष्मा पुसायला घेतला. मास्तरांनी चपला शोधल्या. पुऱ्या करपायला लागल्या तेव्हा आई आत गेली. नंतर सगळे जेवले. पाहुण्यांनी पाटवडीची फार तारीफ केली. मीही जेवले.

ताई मला मारेल, केस ओढेल असं मला वाटत होतं. संध्याकाळी दिवेलागणीला ती ओसरीत माझ्याजवळ येऊन बसली. तिने विचारलं, "निमू, तुले काही दिलं का त्यायनं?"

"कोनं?"

"त्या पाव्हन्यानं. नाही त मोठेबाबानं."

"नाही."

"मंग?"

तिने उत्तराची वाट पाहिली, खरोखर पाहिली, आणि मग ती उठून दिव्यात तेल घालायला गेली.

पुढच्या रविवारी मी सभेला गेले का? गेले. उभी राहून मी सांगितलं, की सत्य बोलून बहिणीला दुखावल्याची मला वेदना झाली, आणि त्या वेदनेकडे मी तटस्थपणे पाहिलं. मोठेबाबा म्हणाले, आता दुसरा पायही चौथ्या पायरीवर आला. ताई त्या सभेत नव्हती. तिला आता आईसारखी सूट मिळाली होती.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत हजेरीबाबू होता, सरळ माणूस. दोन मुलगे झाले, दोघं शिकले. नातेवाईक म्हणतात, चांगलंच झालं की, काय वाईट झालं? वाईट काही झालं नाही. ती खाणीतल्या बायकांची आई झाली, औषधपाणी करू लागली, असलंही काही झालं नाही. असल्या गोष्टी मी ऐकते तेव्हा सांगणाऱ्याचा मला संशय येतो. ताईने संसार केला, भाजी लावली, मशेरी लावायची सवय लागली. सिरिंज तिने पुन्हा हातात धरली नाही.

मोठेबाबांना काही वर्षांनी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही बरीचशी गेली. सरकारी दवाखान्यातून एक नर्स रोज यायची, जाडजूड, तोंडाळ, हिंदीत बोलणारी. ती त्यांना कुशीवर वळवायची, धुवायची, पावडर लावायची आणि "दादाजी, नखरे नहीं" म्हणून दटावायची. ती यायला उशीर झाला की मोठेबाबा लहान मुलासारखे रडत. आल्यावर डावा हात कपाळाला लावून तिला नमस्कार करत. भिंतीवरच्या पायऱ्या तेव्हाही होत्या, अंधुक. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून हे सगळं बघायची. एकदा मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. पण ती फक्त म्हणाली, "सिस्टर, चाय पिऊन जा."

मी शिकले, शिक्षिका झाले, पुढे मुख्याध्यापिका. प्रार्थनेनंतर पाच मिनिटं आत्मपरीक्षणावर बोलायला मला फार छान यायचं. ताई आणि मी लग्नांत, तेराव्यांत भेटत राहिलो, साड्या दिल्या-घेतल्या. त्या रविवारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. गेल्या वर्षी मी ठरवलं आणि एकटी तिरोडीला गेले. वाटेत गाडीत मी वाक्यं जुळवत होते. जुनी खोड.

ताई आता पंचाहत्तरीला आली आहे. अंगणात बाजेवर बसून ती अंबाडीची पानं खुडत होती; शेजारी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी पडली होती. तिच्या यजमानांना ऐकू कमी येतं, ते आत झोपले होते. मी तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि बोलले. की माझ्या अहंकारामुळे तुझ्या आयुष्याची दिशा बदलली. की इतकी वर्षं मी स्वतःच्या आत डोकावून पाहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली. की क्षमा मागण्याचाही मला अधिकार नाही. आवाज नेमक्या जागी दाटून आला.

ताईने सगळं ऐकलं. देठ बाजूला टाकत ती म्हणाली, "छान बोलतेस तू. तवाबी छान बोलली होतीस."

शेजारच्या घरातला कुकर तीनदा वाजला. मग माझ्या तोंडून निघालं ते जुळवलेलं नव्हतं.

"ताई, मोठेबाबानं मले म्हटलं होतं, नाव सांगू नको. तरी मी घेतलं. त्या पाव्हन्याले जांभई येऊन राह्यलती. तेवढ्यासाठी."

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिच्या डोळ्यांत राग दिसला. "मी त म्हनत होती, लेकरू होतं, भेलं, बोलून गेलं," ती म्हणाली. "आजपोत मी असंच म्हनत होती."

"नाही. भेली नव्हती मी."

ती पुन्हा पानं खुडायला लागली, जोरजोरात, देठांसकट. मला वाटलं, आता ती मला जा म्हणेल. तसं म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

"त्या मंगळवारी मी टेशनवर गेलती," ती म्हणाली. "सांबार आनतो म्हनून निंघाली. गाडी उभी होती. काकूबी आलती मले पाहून. म्हने, चाल, बस, मी तिकीट काढतो. पन बाबाचं पत्र आधीच गेलतं ना, तिथं उतरून काय करू? गाडी गेली. मंग बजारातून दोन जुड्या सांबार घेतला अन् घरी आली. आईनं सांबारवड्या केल्या."

तिने खुडलेली पानं एका बाजूला सारली.

"तू चार खाल्ल्या," ताई म्हणाली. "अजून हाय का, म्हनून विचारलं."

स्वतःकडे बघण्यात मी सबंध आयुष्य घातलं होतं. मी तो मंगळवार आठवायचा प्रयत्न केला. थाळी, स्वयंपाकघर, वाढणारा हात. काही आलं नाही.

"मले आठवत नाही, ताई."

"हौ," ती म्हणाली. "तुले काहून आठवावं ते."